एक की नऊ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, गज्जम टॉवेल्सच्या वरच्या मजल्यावर
एकतीस वर्षं मी आकडे सांभाळतो.
खाली माग सुरू झाले की टेबलावरचा चहा
आपोआप थरथरतो, गोल गोल.
एखादा थांबला तर मान वर न करता सांगतो: चार नंबर.
हे कुणी शिकवलेलं नाही.

मार्चअखेर उरकली आणि मालकांनी नवी प्रणाली आणली.
बिलाचा फोटो काढायचा, पुढचं ती बघते:
वाचते, कर वेगळा काढते, खातं शोधते,
आणि पैसे द्यायच्या रांगेत उभं करते माणसाला.
शिकवायला आली स्रवंती कोंडी, वय तेवीस.
"हत्तुरेकाका, आता लिहायचं नाही, नुसतं बघायचं."
मी ते वहीत लिहून घेतलं.
तिनं वहीकडं पाहिलं, बोलली काही नाही.

शिकलो की ओ.
कूलर गरम वारं ओकत असताना शिकलो
हजार ओळींतून एक ओळ चिमटीत धरायला,
पासवर्ड दर महिन्याला बदलायला
आणि तो पंख्याच्या बटणाखाली न चिकटवायला.
(याला वेळ लागला.)
रात्री चटणीची बोटं पुसून मोबाईलवर धडे लावायचो.
बायको म्हणाली, "चार वर्षं राहिली, आता कशाला हे?"
मी आवाज वाढवला, धड्याचा.

मे महिन्यात, भर दुपारी, मौलाअली रंगारी जिना चढून आला.
सूत रंगवून रंगवून नखं कायमची निळी.
मोबाईल लांब धरलेला, दुसऱ्याचं पोर धरावं तसा.
"साहेब, हे पैसे कुणाचे?"
यायचे होते चौदाशे.
आले होते नऊ हजार आठशे.

बिल उघडलं. त्याच्याच हातचं, कोपऱ्यात निळा अंगठा.
त्याचा मराठी एक
तिला इंग्रजी नऊ दिसला होता,
चार दिसला आठ.
शून्यं तेवढी दोन्हीकडं सारखीच.
शेजारी तिची खात्री: सत्त्याण्णव टक्के.
खाली मंजुरीची खूण.
ती माझी.

मी नुसतं बघितलं होतं.

लिहिताना हात अडला असता.
मौलाअलीचं बिल दोन हजारांवर कधी गेलंय?
हाताला हे पाठ होतं.
बटण दाबणाऱ्या बोटाला
कुणी सांगितलंच नव्हतं.

मागची सगळी बिलं चाळली.
आणखी तिघांना जास्त गेले होते.
ते जिना चढले नव्हते.

स्रवंती म्हणाली, "तिला नमुने द्यावे लागतील, काका,
कुणाचा एक कसा असतो ते."
हे मात्र मला येत होतं.
साखर पेठेतल्या सूतवाल्याचा एक शेपटी ओढत जातो.
टेम्पोवाल्या बिराजदारचा विळ्यासारखा,
चालू गाडीत स्टिअरिंगवर लिहिलेला.
कॅन्टीनच्या रेणव्वाचा एक इतका बारीक,
की पैसे मागायची तिला लाज वाटते हे त्यातच कळतं.
तीन दिवस बसलो. स्रवंती टिपून घेत होती.
तिसऱ्या दिवशी पाहिलं तर वहीत लिहीत होती, पेननं.

आता ती थांबते.
पिवळ्या चौकोनात विचारते: एक की नऊ?
मौलाअलीपाशी हल्ली क्वचितच,
त्याचा हात तिला कळलाय.
ती सगळ्यात जास्त अडते माझ्या जुन्या पावत्यांवर,
माझ्याच अक्षरापाशी.
मी चष्मा पुसतो, कागद उजेडात धरतो.
दुसऱ्या कुणाचं असतं तर फोन लावला असता.

थांबा.
खाली चार नंबर बंद पडलाय.